याक री, अक्का?

आयटीआयमध्ये गवंडीकाम शिकायला गेले तेव्हा वर्कशॉपच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्या दिवशी सरांनी माझ्या हातात एक वीट दिली. तिच्यातल्या खाचेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, बांधताना ही बाजू वर ठेवायची की खाली?

"वर," मी लगेच सांगितलं.

"याक?"

कन्नडमध्ये याक म्हणजे का. एवढं कन्नड आमच्या बाजूला सगळ्यांनाच येतं, बाजारात आणि बसमध्ये ते रोज कानावर पडतं. शब्द कळला, पण उत्तर येईना. पाच वर्षं मी विटा वाहिल्या होत्या. आप्पा प्रत्येक वीट खाच वर करूनच ठेवायचे, हे हजारदा पाहिलं होतं. ती तशीच का ठेवायची, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं.

सरांनी वीट उलटी करून थापीभर मालावर, म्हणजे विटा जोडणाऱ्या कालवलेल्या मिश्रणावर, टेकवली, मग उचलून दाखवली. खाचेच्या तळाला माल लागलाच नव्हता. खाच खाली केली की भिंतीच्या पोटात अशा शेकडो पोकळ्या राहतात. खाच वर असली की वरच्या थराचा माल तिच्यात भरतो आणि दोन थर एकमेकांना धरून बसतात. एवढंच कारण. समजायला दोन मिनिटंही लागली नाहीत, आणि त्यासाठी मी पाच वर्षं थांबले होते.

मी खानापूर तालुक्यातली. आमचं गाव रानाच्या कडेला आहे, पावसाळ्यात तीन-तीन दिवस वीज नसते. आप्पा गवंडी. सुगी संपली की तालुक्यातले बरेच गवंडी गोव्याला कामाला जातात, आप्पाही जायचे, आणि पहिल्या पावसाला परत यायचे. मी गावातल्या मराठी शाळेत शिकले, बारावी झाले, बी.ए.ला नाव घातलं. पहिल्याच वर्षी आईची कंबर गेली. तोवर आप्पांच्या हाताखाली बिगारी म्हणून आई जायची. ती उठेना, म्हणून तिचं घमेलं मी घेतलं. चार दिवसांसाठी घेतलेलं घमेलं पाच वर्षं डोक्यावर राहिलं.

बिगारी म्हणजे माल कालवायचा, विटा द्यायच्या, पाणी मारायचं, परांचीवर घमेली पोचवायची. मी काम सोडलं तेव्हा मला दिवसाला चारशे मिळत होते आणि गवंड्याला नऊशे. हा फरक कष्टाचा नाही, हे त्या कामावर एक दिवस काढलेल्या कुणालाही कळेल. फरक थापीचा आहे. आप्पांची थापी रोज संध्याकाळी धुऊन, पुसून पिशवीत घालायचं काम माझं होतं. तिच्या लाकडी मुठीला आप्पांच्या अंगठ्याचा खळगा पडलाय. ती थापी मी दीडेक हजार वेळा धुतली असेल, पण तिनं मी एकही वीट बसवली नव्हती. बाईनं भिंत उभी करू नये असं आमच्याकडं कुणी तोंडानं म्हणत नाही. थापी तिच्या हातात कुणी देत नाही, इतकंच.

मेसन, म्हणजे बिल्डिंग कन्स्ट्रक्टर, नावाचा एक वर्षाचा ट्रेड आयटीआयमध्ये असतो आणि त्याला आठवी पास असलं तरी चालतं, हे मला बसमध्ये एका मुलाकडून कळलं. तो इलेक्ट्रिशियनला होता. त्याच्या ट्रेडला दहावी लागते आणि दोन वर्षं जातात. घरी सांगितलं तर आप्पा म्हणाले, "तिथं जाऊन काय करालीस? गवंडीकाम शाळेत शिकायची वस्तू हाय व्हय? येतंय की तुला सगळं."

"येतंय तर मग थापी द्या," मी म्हटलं. त्यावर ते काही बोलले नाहीत.

खरी अडचण वर्षभराच्या मजुरीची आणि रोजच्या बसभाड्याची होती. 11 जून 2023ला कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली आणि राज्यातल्या बायकांना सरकारी बस फुकट झाली. आधार कार्ड दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. या योजनेवर लोक काय काय बोलतात ते मी ऐकलंय. माझ्यापुरतं सांगते, ती नसती तर हे शिक्षण झालं नसतं. आमच्या गावापासून खानापूर, आणि खानापूरपासून बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर. देसूर, मच्छे, पिरनवाडी करत बस शहरात शिरायची तेव्हा मी दोन वेळा पुस्तक उघडून मिटलेलं असायचं. शनिवार-रविवार आणि सुट्टीत मी बिगारीला जात राहिले, त्यावर घर चाललं.

वर्गात मी एकटीच बाई, आणि बाकीच्या पोरांपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी. कित्तूर, बैलहोंगल, हुक्केरी, रामदुर्ग अशा चारी दिशांची पोरं होती. पहिल्या आठवड्यातच ती मला अक्का म्हणायला लागली. अक्का हा शब्द त्यांचाही आणि आमचाही, त्यामुळे कुणाला काही जुळवून घ्यावं लागलं नाही. पुढं सरही "याक री, अक्का?" असंच विचारायचे.

भाषेचं मात्र मला भय होतं. पुस्तक इंग्रजीत, शिकवणं कन्नडमध्ये, माझं डोकं मराठीत. पहिले पंधरा दिवस मी वहीत तीन रकाने पाडले. इट्टिगे, ब्रिक, वीट. गोडे, वॉल, भिंत. मूलेमट्ट, ट्राय स्क्वेअर, गुण्या. तूगुगुंडु, प्लम्ब बॉब, ओळंबा. लिहिता लिहिता लक्षात आलं की बऱ्याच ठिकाणी तीन रकाने लागतच नाहीत. गवंड्याला ती पोरंही गौंडीच म्हणतात. पाया त्यांच्याकडंही पायाच. वाळूला पुस्तकातलं कन्नड मरळु म्हणतं, पण पोरं उसुकु म्हणायची, आणि आप्पांच्या जोडीला येणारे बैलहोंगलचे मिस्त्री उसुकु म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. आमच्या भागात भाषेवरून किती वर्षं काय काय चाललंय ते वाचणाऱ्यांना ठाऊक आहे, मलाही आहे, आणि माझी शाळा मराठी होती याचं मला प्रेम आहे. पण भिंतीवर दोन माणसं दोन टोकांना उभी राहून सूत ताणतात तेव्हा "वर", "म्याल", "जरा खाली" असं सगळं एकाच वाक्यात चालतं आणि सूत बरोबर रेषेत येतं.

आता ज्या गोष्टीनं मला पहिल्यांदा रडू आणलं ती सांगते.

आम्हाला इंग्लिश बाँडची भिंत बांधायची होती. एक थर लांब बाजू दिसणाऱ्या विटांचा, म्हणजे स्ट्रेचरचा, त्याच्यावरचा थर तोंड दिसणाऱ्या विटांचा, म्हणजे हेडरचा. कोपऱ्यावरच्या पहिल्या हेडरनंतर उभी दुभागलेली अर्धी वीट घालायची, तिला क्वीन क्लोझर म्हणतात. ती घातली नाही तर खालच्या आणि वरच्या थराचे उभे सांधे एकावर एक येतात आणि भेग पडायला सरळ वाट मिळते. आप्पा ही फोड न चुकता घालतात. त्यांच्या तोंडी तिला "राणी" म्हणतात. इंग्रजी नाव कुणा जुन्या मिस्त्रीच्या तोंडून फिरत फिरत आमच्या गावात राणी होऊन आलं असणार.

तर माझ्या हातात थापी. मी पाच थर चढवले. ओळंबा लावला, पाणसळ ठेवली. सरांनी खालपासून वरपर्यंत हात फिरवला, दोन ठिकाणी सांधे जाड झालेत असं दाखवलं. दहा मिलिमीटरचा सांधा माझा कुठं पंधराचा झाला होता. मग म्हणाले, छान, आता मोडा.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

वर्कशॉपमध्ये सराव सिमेंटनं करत नाहीत. चिखलात किंवा अगदी कमी जोराच्या चुन्यात बांधतात, म्हणजे भिंत मोडून त्याच विटा धुऊन उद्या परत वापरता येतात. हे मला माहीत नव्हतं. मी उभ्या आयुष्यात बांधलेली पहिली भिंत, तिला मी चार वाजता हात लावून पाहत होते, आणि साडेचारला तिच्या विटा खरवडत बसले होते. बाजूला रामदुर्गचा पोरगा होता. तो हळूच म्हणाला, "अक्का, नाळे मत्त कट्टोण." उद्या परत बांधू.

वर्षभरात मी किती भिंती बांधल्या आणि मोडल्या त्याचा हिशोब नाही. इंग्लिश बाँड, फ्लेमिश बाँड, टी जंक्शन, खांब, कमानी. कमानीला खालून लाकडी आधार, त्याला सेंटरिंग म्हणतात, तो काढताना पोटात गोळा यायचा. मोडता मोडता एक फायदा झाला. बांधताना जी चूक लपते ती मोडताना दिसते. कुठल्या सांध्यात माल पोचलाच नव्हता, कुठली वीट कोरडी बसली होती, सगळं उघडं पडतं. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि माल भुकटीसारखा राहतो, म्हणून विटा आधी भिजवायच्या. ते आप्पाही करतात. पण किती पाणी पिणारी वीट चांगली, हे आम्ही मोजून पाहिलं. कोरड्या विटेचं वजन करायचं, चोवीस तास बुडवून ठेवायची, परत वजन करायचं. साध्या विटेनं स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. मी खानापूरच्या भट्टीची एक वीट पिशवीत घालून नेली होती. कौलं आणि विटा ही आमच्या खानापूरची जुनी ओळख, मलप्रभेकाठची माती त्याला चांगली. कोरडी 2 किलो 900 ग्रॅम भरली, भिजल्यावर 3 किलो 350. म्हणजे साडेपंधरा टक्के. पास झाली. त्या दिवशी मला जो अभिमान वाटला तो माझ्या निकालाच्या दिवशीही वाटला नव्हता.

छज्जाबद्दल लिहायचं की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला. लिहिते.

आयटीआयच्या चार वर्षं आधी एका गावात घराचं काम चालू होतं. गाव आणि मालक सांगत नाही. खिडक्यांवरच्या छज्जांचं काँक्रीट ओतायचं होतं. सळी बांधून झाली होती. आम्ही चार बायका फळीवरून घमेली घेऊन जात होतो, आणि फळी अपुरी म्हणून सळीवर पाय देत होतो. सगळीकडं असंच चालायचं. काँक्रीट ओतलं, पाणी मारलं, दिवस भरल्यावर खालच्या फळ्या काढल्या. आठवडाभरात एक छज्जा पुढं झुकला. भिंतीला लागून वरच्या अंगाला आडवी भेग पडली. खाली कुणी नव्हतं. तो तोडून टाकला. सिमेंट खराब होतं असं ठरलं आणि विषय मिटला.

वर्गात सर आंघोळीचा स्पंज घेऊन आले. त्याच्या कडेला पेनानं उभ्या रेघा मारल्या, एक टोक टेबलावर दाबून धरलं आणि दुसरं खाली वाकवलं. वरच्या बाजूच्या रेघा एकमेकींपासून लांब गेल्या, खालच्या जवळ आल्या. दोन्ही टोकांना आधार असलेल्या स्लॅबमध्ये ताण मधोमध खालच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळी खाली असते. छज्जा एका बाजूनंच भिंतीत धरलेला, बाहेर तरंगता. त्याचा ताण वरच्या बाजूला. म्हणून त्याची मुख्य सळी वर हवी. काँक्रीट दाबाला दणकट आणि ताणाला कच्चं, ताण घ्यायला सळी. ती सळी पायाखाली दबून तळाला गेली तर ती असून नसल्यासारखीच. म्हणून तिच्याखाली सळीच्याच खुर्च्या ठेवतात, आणि माणसांना चालायला वेगळी फळी टाकतात.

सरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "याक री, अक्का, छज्जा बीळतद?" छज्जा का पडतो?

मला उत्तर येत होतं. मी दिलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं माझेच पाय आले होते.

घरी आल्यावर मी आप्पांना स्पंज दाखवला. आम्ही ओसरीवर बसलो होतो. त्यांनी तो स्वतः हातात घेऊन वाकवला, सरळ केला, परत वाकवला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तुम्ही बायका सळीवरनं चालत होता, ते मी बघालोतो. ती खाली गेली तर काय होतंय, ते मलाबी कुणी सांगितलं न्हवतं."

मला या शिक्षणाबद्दल सगळ्यात जास्त हे सांगायचं आहे. गवंड्याला कारण कळायला हवं हे खरंच. पण सळीवरून चालते ती बिगारी बाई. माल कालवते ती. पाण्याची बादली किती ओतायची ते तिच्या हातात असतं, आणि जास्त पाणी ओतलेलं काँक्रीट कच्चं राहतं. घराची ताकद जिच्या हातातून आणि पायाखालून जाते तिला कुणी काही सांगत नाही, कारण ती फक्त वाहून नेणारी. आता मी कुठल्याही कामावर गेले की काँक्रीटच्या आधी तिथल्या बायकांना बसवते आणि तो स्पंज दाखवते. तो स्पंज अजून माझ्या पिशवीत असतो.

आप्पांशी माझं खरं भांडण झालं ते वाळूवरून. ते प्रमाण घमेल्यानं मोजतात, एकाला सहा, म्हणजे एका घमेल्या सिमेंटला सहा घमेली वाळू. मी म्हटलं, पावसाळ्यात तुमचं एकाला सहा खोटं आहे. ते चिडले. तीस वर्षं हातानं मोजलेल्या माणसाला असं म्हणू नये, हे मला नंतर कळलं.

ओलसर वाळू फुगते. प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि तो कणांना एकमेकांपासून लांब ठेवतो. वाळू जितकी बारीक तितकी जास्त फुगते. गंमत अशी की पूर्ण बुडवली की ती परत बसते, कोरडीएवढीच जागा घेते. मी लोणच्याची काचेची बरणी घेतली. आप्पांच्या ढिगातली वाळू तिच्यात न दाबता वीस सेंटिमीटरपर्यंत भरली, पट्टी लावून बाहेरून खूण केली. मग वाळू परातीत काढली, बरणीत अर्ध्यापर्यंत पाणी घेतलं, तीच वाळू परत घातली आणि काडीनं ढवळली. खाली बसली ती सोळा सेंटिमीटरवर. म्हणजे पंचवीस टक्के फुगवटा. आप्पांची सहा घमेली म्हणजे प्रत्यक्षात पाचपेक्षाही थोडी कमी वाळू. जिथं चार पोती सिमेंट पुरलं असतं तिथं पाच जात होती.

आई मध्येच म्हणाली, "मग सिमेंट जास्त पडलं तर बरंच की, घर घट्ट होईल."

तसं होत नाही. गिलाव्यात सिमेंट जास्त झालं की तो वाळताना जास्त आकसतो आणि केसासारख्या भेगा पडतात. आप्पा चटकन ताठ बसले. पावसाळ्याच्या तोंडाला केलेला गिलावा चरचरतो, हे ते वर्षानुवर्षं म्हणत आलेत. त्यांना वाटायचं पावसाळी हवेनं होतंय. त्यांनी बरणी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुतार आप्पाजींकडून फर्मा, म्हणजे वाळू मोजायचा खोका, करून आणला, आत 40 बाय 35 बाय 25 सेंटिमीटर, म्हणजे पस्तीस लिटर, बरोबर एका पोत्या सिमेंटचं माप. मी सांगितलेलं माप त्यांनी विडीच्या पाकिटावर लिहून नेलं होतं.

आप्पांना जे येतं ते पुस्तकात नाही, हेही सांगायला हवं. आमच्या बाजूची निम्मी जुनी घरं जांभ्याची आहेत. पुस्तकात जांभ्यावर चार ओळी होत्या. त्या ओळींवरून मी शोधलं तेव्हा कळलं की त्याला लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस बुकाननच्या 1807 सालच्या लिखाणातून आलं, आणि लॅटिनमध्ये later म्हणजे वीट. मलबारात लोक खाणीतून हा दगड विटेसारखा कापून काढतात, हे त्यानं पाहिलं होतं. खाणीतून निघताना तो मऊ असतो आणि हवा लागून कडक होतो. आप्पांना बुकानन माहीत नाही, पण चिरा खाणीतून आणल्यावर लगेच लावायचा नाही, उन्हापावसात पडू द्यायचा, हे माहीत आहे. चिऱ्यावर हातोडीचा दांडा मारून आवाजावरून ते सांगतात की आत मातीची नस आहे. मी महिनाभर कान लावून पाहिलं, मला अजून तो आवाज ओळखता येत नाही. दोन विटा एकमेकींवर वाजवल्या की चांगल्या विटेचा खणखणीत नाद येतो, तेवढं जमतं.

रामदुर्गच्या पोराचं घर 2019च्या ऑगस्टमध्ये पडलं. त्या पुरात मलप्रभेनं रामदुर्गाकडं आणि घटप्रभेनं गोकाकाकडं काय केलं ते आमच्या जिल्ह्यात विसरलेलं कुणी नाही. तिकडची घरं आमच्यासारखी नसतात. आमच्या पश्चिमेला, कणकुंबीच्या अंगाला, मलप्रभा जिथं उगवते तिथं पाऊस धो धो, म्हणून उतरती कौलारू छपरं. पूर्वेला सौंदत्ती-रामदुर्गाकडं पाऊस कमी, म्हणून जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचंच सपाट माळवद. उन्हाळ्यात आत गारवा असतो त्या घरांना. पण भिंतीच्या बुडाशी दोन-तीन दिवस पाणी उभं राहिलं की माती मऊ होते आणि वरचं सगळं वजन तिच्यावर बसतं. त्याचं घर रात्री तसं बसलं. घरातली माणसं आधी बाहेर पडली होती. तो तेव्हा शाळकरी पोर होता. सरांनी एकदा सगळ्यांना विचारलं, या ट्रेडला का आलात. तो म्हणाला, जोत्यापर्यंत दगड सिमेंटात बांधला असता तर वरची मातीची भिंत राहिली असती का, हे मला शोधायचं आहे. सतरा वर्षांचं पोर. सर त्या दिवशी याक म्हणाले नाहीत.

ड्रॉइंगचा विषय सगळ्यांना जड गेला, मला तो सगळ्यात आवडला. आमच्या घराचा प्लॅन आणि सेक्शन मी काढला तेव्हा घराला कापून आत पाहिल्यासारखं वाटलं. पायरी, जोतं, भिंत, वासे, कौलं. कॅल्क्युलेशनमध्ये मी रात्री चिमणीच्या उजेडात एक घनमीटर बांधकामाला पाचशे विटा लावत बसायचे. परीक्षा झाली, पास झाले, ट्रेडचं प्रमाणपत्र आलं.

प्रमाणपत्रानं मजुरी आपोआप वाढत नाही. पहिल्या कामावर आप्पांच्या जोडीनं मी दिवसभर गिलावा केला. आतल्या भिंतीला बारा मिलिमीटर, बाहेर वीस. शनिवारी मालकानं माझ्या हातात सहाशे ठेवले. म्हणाला, बिगारीपेक्षा दोनशे जास्तच दिलेत की. आप्पांनी ते पैसे माझ्या हातातून घेऊन त्याच्या ओट्यावर परत ठेवले आणि म्हणाले, तिनं जेवढा गिलावा केलाय तेवढा फूट मोजून बघा, माझ्यापेक्षा कमी भरला तर सहाशे द्या. मोजला गेला नाही. आठशे मिळाले. पूर्ण अजून नाहीत.

तेव्हापासून मी रोजावर जाणं कमी केलंय. लहान कामं अंगावर घेते, गोठ्याची भिंत, संडास, न्हाणीघर, कुंपण. मोजून अंदाज लिहून देते, विटा किती, पोती किती, दिवस किती. लिहून दिलेला कागद हातात आला की लोक माझ्याकडं वेगळं बघतात, हे मी अनुभवलंय.

आणखी एक काम मागे लागलंय. बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळाचं कार्ड आप्पांकडं आहे, आईकडं नव्हतं, गावातल्या एकाही बिगारी बाईकडं नव्हतं. कायदा गवंडी आणि बिगारी असा भेद करत नाही. वय अठरा ते साठ, आणि मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम, एवढं पुरतं. इमारतीच्या खर्चावर एक टक्का उपकर जमा होतो तो याच माणसांसाठी. बायकांना वाटतं कार्ड गवंड्याचं असतं. मी आजवर नऊ जणींचे अर्ज भरून दिलेत. नव्वद दिवसांचा दाखला मिळवताना चपला झिजतात, तरी मिळतो.

उद्यापासून गुंजीच्या वाटेवरच्या एका घरात न्हाणीघराचं काम सुरू करतेय. आप्पा माझ्या हाताखाली येणार आहेत, गुडघ्यामुळं आता त्यांना परांचीवर चढता येत नाही. पाऊस नुकताच उघडलाय, वाळू ओली असणार, म्हणून बरणी आणि पट्टी त्यांनीच संध्याकाळी पिशवीत घातली. घरमालकिणीला मी फोन करून सांगितलंय, रात्रीच विटांवर पाणी सोडून ठेवा मामी, सकाळी सातला येतो आम्ही.